रिमोटबरोबर येणारे सूचनापत्रक : एक परीक्षण

परीक्षणासाठी आपण सहसा पुस्तके घेतो. या वेळी आम्ही घेतला आहे तो दोन्ही बाजूंनी छापलेला, चार घड्या घातलेला एक कागद. उपग्रहावरून येणाऱ्या वाहिन्या दाखवणाऱ्या सेट-टॉप बॉक्सच्या खोक्यात, रिमोट आणि दोन पेन्सिल सेल यांच्याखाली हा कागद असतो. बॉक्सच्याच रिमोटने दूरचित्रवाणी संचही कसा चालवावा, हे त्यावर सांगितलेले असते. बहुतेक घरांत तो न वाचताच खोक्याबरोबर माळ्यावर जातो. पण विज्ञान शिकवणाऱ्यांनी तो एकदा बारकाईने वाचावा, असे आम्हांला वाटते. असे का वाटते, ते सांगण्यासाठी आधी आमच्याच शाळेतली एक फजिती सांगावी लागेल.

‘स्वयंप्रभा’च्या शैक्षणिक वाहिन्या 2017 साली सुरू झाल्या. त्यानंतर आमच्या शाळेतही एक दूरचित्रवाणी संच आणि बॉक्स आला. चोरीच्या भीतीने संच भिंतीवर उंच, जाळीच्या कपाटात बसवलेला. त्याच्या बाजूची बटणे जाळीआड. एके दिवशी संचाचा स्वतःचा रिमोट हरवला. बॉक्सचा रिमोट हाताशी होता. त्याने वाहिन्या बदलत होत्या, पण आवाज मागच्या बाकांपर्यंत पोचेना. बॉक्सचा आवाज पूर्ण वाढवून झाला, तरी संचाचा आवाज कमीच राहिला. टाकीखालचा व्हॉल्व्ह अर्धवट बंद असेल, तर स्वयंपाकघरातला नळ कितीही सोडला तरी धार मोठी होत नाही, तसेच हे. आम्ही सूचनापत्रक शोधून काढले आणि नववीच्या एका मुलाने त्यातले आकडे एकामागून एक दाबून पाहिले. तास संपायला सात-आठ मिनिटे उरली असताना आवाज वाढला. मुलांनी टाळ्या वाजवल्या. आणि मग त्या मुलाने विचारले, “सर, हा कोड वाचतो कोण? टीव्ही की रिमोट?”

आम्ही सांगितले, “टीव्ही.” उत्तर चुकीचे होते. चूक आम्हांला दोन दिवसांनी कळली, आणि ज्या कागदाच्या आधारे आम्ही उत्तर दिले होते तो पुन्हा वाचताना हेही लक्षात आले की, त्या कागदावरून कोणीही हेच उत्तर दिले असते. त्यानंतर ओळखीच्या घरांतून आणखी काही कंपन्यांची सूचनापत्रके मागवून वाचली. तपशील वेगळे असले तरी घडण एकच दिसली. म्हणून हे परीक्षण एका कंपनीचे नाही, या लेखनप्रकाराचे आहे.

कागदावर काय आहे

अशी पत्रके दोन प्रकारची असतात. पहिल्या प्रकारात कोडची यादी असते. संच चालू करा, रिमोटवरची अमुक दोन बटणे दिवा दोनदा लुकलुकेपर्यंत एकत्र दाबून धरा, आपल्या संचाच्या नावापुढचा चार किंवा पाच आकडी कोड टाका, मग पॉवरचे बटण दाबा. संच बंद झाला तर काम झाले, नाही तर पुढचा कोड टाका. यादीत सापडत नसेल तर ‘शोध’ पद्धत वापरा, म्हणजे एकच बटण संच बंद होईपर्यंत पुन्हा पुन्हा दाबत राहा. दुसऱ्या प्रकारात रिमोटला ‘शिकवायचे’ असते. दोन्ही रिमोट समोरासमोर ठेवा, शिकणाऱ्या रिमोटवरचे बटण दाबून धरा, दिवा लागला की संचाच्या रिमोटवरचे तसेच बटण दाबा.

या पत्रकांचे श्रेय त्यांना द्यायला हवे. जागा तळहाताएवढी, भाषा दोन-तीन आणि वाचणारा घाईत. इतक्यात क्रमवार, आकडे घालून सूचना लिहिणे सोपे नाही. आमच्या पत्रकातल्या सूचना जशाच्या तशा पाळल्या तर काम होत होते, हेही खरे. आमची तक्रार सूचना चुकीच्या असल्याची नाही. सूचना बरोबर आहेत, पण कारणे पूर्णपणे वगळलेली आहेत, आणि कारणे वगळल्यामुळे काम अडले की वाचणारा जागच्या जागी थांबतो.

कोड म्हणजे काय

सर्वांत मोठी उणीव ‘कोड’ या शब्दाविषयीची आहे. पत्रकात तो शब्द अनेकदा येतो, पण कोड म्हणजे काय हे कुठेही नाही. वाचणाऱ्याची समजूत होते की आपण टाकलेला आकडा संचाकडे जातो आणि संच तो ओळखतो. प्रत्यक्षात तो आकडा रिमोटच्या बाहेर पडतच नाही. रिमोटमधल्या चिपच्या स्मृतीत अनेक संचांच्या संकेतांचे तक्ते कायमचे साठवलेले असतात. आपण टाकलेला कोड म्हणजे त्यांतल्या एका तक्त्याचा क्रमांक. शब्दकोशाचे अमुक पान उघड, असे आपण रिमोटला सांगतो. संचाला त्या पान-क्रमांकाची काहीच माहिती नसते.

संचाकडे जाते ते वेगळेच. रिमोटच्या टोकाचा एलईडी सुमारे 940 नॅनोमीटर तरंगलांबीचे अवरक्त किरण सोडतो. ते डोळ्यांना दिसत नाहीत. हे किरण एकसारखे येत नाहीत. ते सेकंदाला सुमारे 38,000 वेळा लागतात आणि विझतात. सूर्यप्रकाशात आणि जुन्या तारेच्या दिव्यांच्या प्रकाशातही अवरक्त किरण असतात. त्यांच्या गर्दीत रिमोटचा संकेत वेगळा ओळखता यावा म्हणून ही लुकलुक. संचातला ग्राहक 38 किलोहर्ट्झच्या आसपास लुकलुकणारा प्रकाश तेवढा स्वीकारतो आणि बाकीचा सोडून देतो.

या लुकलुकीच्या लहान-मोठ्या खंडांतून निरोप तयार होतो. जपानच्या एनईसी कंपनीची, अनेक संचांत वापरली जाणारी संकेतप्रणाली उदाहरणादाखल घेऊ. आधी 9 मिलिसेकंद लुकलुक, मग 4.5 मिलिसेकंद शांतता. ही झाली ‘लक्ष द्या’ अशी हाक. त्यापुढे 32 बिट. प्रत्येक बिटची सुरुवात 562.5 मायक्रोसेकंदांच्या लुकलुकीने होते. तिच्यानंतरची शांतता आखूड असली तर बिट 0 आणि लांब असली तर 1. लुकलुक आणि शांतता मिळून 0 ला 1.125 मिलिसेकंद लागतात, 1 ला 2.25. पहिले 8 बिट हा पत्ता, म्हणजे निरोप कोणत्या प्रकारच्या उपकरणासाठी आहे ते. पुढचे 8 बिट म्हणजे तोच पत्ता उलटा करून, 0 च्या जागी 1 आणि 1 च्या जागी 0. मग 8 बिट आज्ञा आणि शेवटी 8 बिट तीच आज्ञा उलटी करून.

उलटे बिट कशासाठी, हा प्रश्न वर्गात विचारण्यासारखा आहे. पहिले कारण पडताळ्याचे. वाटेत एखादा बिट बिघडला तर सुलटा आणि उलटा भाग जुळत नाहीत, आणि संच तो निरोप टाकून देतो. दुसरी गोष्ट मुलांना गणिताने काढता येईल. या रचनेत कोणत्याही निरोपात 16 शून्ये आणि 16 एक असतात, म्हणून बिटांना नेहमी 18 अधिक 36, म्हणजे 54 मिलिसेकंद लागतात. हाकेचे 13.5 मिळवले की 67.5 मिलिसेकंद. बटण कोणतेही असो, निरोपाची लांबी तीच.

पण ही एकच प्रणाली असती तर कोडची यादीच लागली नसती. फिलिप्सची आरसी-5 ही प्रणाली 36 किलोहर्ट्झवर चालते आणि तिचा निरोप 14 बिटांचा असतो. सोनीची प्रणाली 40 किलोहर्ट्झवर चालते, तिच्या मूळ रूपात 12 बिट असतात आणि तिथे लुकलुकीची लांबी बदलून 0 आणि 1 दाखवतात. भाषा वेगळ्या, आणि एकाच भाषेत पत्ते वेगळे. सगळ्या उत्पादकांनी मिळून एकच संकेत ठरवला नाही, म्हणून शब्दकोश लागला. आणि शब्दकोश लागला म्हणून पान-क्रमांक लागला. एवढे तीन वाक्यांत पत्रकावर सांगता आले असते. त्याऐवजी यादीतल्या एकाच नावापुढे आठ-दहा कोड दिसतात आणि वाचणारा गोंधळतो. एकाच नावाखाली वेगवेगळ्या वर्षी, वेगवेगळ्या कारखान्यांत तयार झालेले संच विकले जातात, आणि आतली इलेक्ट्रॉनिक पाटी बदलली की संकेतही बदलू शकतो. कपाळावरचे नाव संकेत सांगत नाही. हे माहीत असले तर पहिले चार कोड चुकल्यावर आपला संच बिघडला, असे कोणाला वाटणार नाही.

‘संच बंद झाला तर काम झाले’

दुसरा दोष पडताळ्याविषयीचा आहे आणि विज्ञानशिक्षकांना तो विशेष खटकावा. कोड बरोबर आहे की नाही हे पत्रक फक्त पॉवरच्या बटणावरून ठरवते. आमच्या शाळेत पहिला ‘यशस्वी’ कोड असाच फसवा निघाला. संच बंद-चालू होत होता, पण आवाज बदलत नव्हता. जवळच्या नात्यातल्या दोन तक्त्यांत काही आज्ञांचे क्रमांक सारखे आणि काहींचे वेगळे असू शकतात. एका बटणाचा जुळलेला निकाल पाहून सगळा तक्ता जुळला असे म्हणणे म्हणजे लिटमस लाल झाला म्हणून बाटलीत हायड्रोक्लोरिक आम्लच आहे असे म्हणण्यासारखे आहे. पॉवर, आवाज आणि म्यूट ही तिन्ही बटणे तपासा, एवढे एक वाक्य हवे होते.

‘शोध’ पद्धतीतही हीच कसर. पत्रक म्हणते, बटण दाबत राहा. किती वेळा, ते नाही. समजा तक्ते 200 आहेत आणि प्रत्येक दाबणीला 2 सेकंद लागतात. तर शेवटचा तक्ता यायला 400 सेकंद, म्हणजे जवळजवळ पावणेसात मिनिटे लागतील. हे आधी सांगितले तर माणूस धीर धरतो. न सांगितल्यास तो विसाव्या दाबणीला कंटाळतो. घाईत दाबणारा आणखी एक चूक करतो : संच बंद व्हायला क्षणभर लागतो, तेवढ्यात बोट पुढच्या तक्त्यावर गेलेले असते. मग जतन होतो तो चुकीचा कोड.

या सगळ्यामागचे मूळ कारण पत्रकात यायलाच हवे होते. रिमोट फक्त बोलतो, ऐकत नाही. निरोप पोचला की नाही, हे त्याला कळण्याचा मार्गच नसतो. दिवा लुकलुकला म्हणजे संचाला निरोप कळला असे बहुतेकांना वाटते. दिवा फक्त एवढेच सांगतो की रिमोटने निरोप पाठवला. संचाकडून परत येणारी बातमी आपल्या डोळ्यांतून आणि कानांतूनच येते. म्हणजे या यंत्रणेत माणूस हा एक भाग आहे, आणि पत्रक त्याला त्याचे काम सांगत नाही. अलीकडच्या संचांत आणि बॉक्समध्ये एचडीएमआय केबलमधूनच आज्ञा दोन्ही दिशांना नेण्याची सोय असते आणि ती चालू असेल तर ही खटपट वाचते. पण लाल, पिवळ्या, पांढऱ्या पिनांच्या वायरीने जोडलेल्या जुन्या संचांना तिचा उपयोग नाही.

रिमोटचे पाठांतर

दुसऱ्या प्रकारच्या, ‘शिकणाऱ्या’ रिमोटच्या पत्रकांत दक्षतेची वाक्ये असतात. दोन रिमोटांमध्ये थोडे सेंटिमीटरच अंतर ठेवा. ट्यूबलाइटखाली ही कृती करू नका. का, ते नाही. शिकणाऱ्या रिमोटमधला ग्राहक सहसा साधा असतो, संचातल्या ग्राहकाइतका संवेदनशील आणि निवडक नसतो. म्हणून संकेत जवळून आणि जोरदार मिळावा लागतो. काही दिव्यांचा प्रकाशही वेगाने लुकलुकतो आणि ती लुकलुक नकलेत मिसळू शकते. कारण कळले की माणूस स्वतःच उपाय काढतो. टेबलाखाली सावलीत रिमोट ठेवतो, खिडकी बंद करतो.

या ‘शिकण्या’चे स्वरूप मात्र शिक्षकांनी समजून घ्यावे असेच आहे. असा रिमोट समोरच्या संकेताचा अर्थ लावत बसत नाही. किती वेळ लुकलुक, किती वेळ शांतता, एवढेच तो टिपून ठेवतो आणि नंतर तसेच म्हणून दाखवतो. बहुतेक वेळा तेवढ्याने भागते. पण आरसी-5 प्रणालीत 14 पैकी एक बिट असा असतो, जो बटण नव्याने दाबले की दर वेळी पालटतो आणि बटण दाबून धरले तर तसाच राहतो. बोट उचलून पुन्हा दाबले की धरूनच ठेवले, हे संचाला त्यावरून समजते. नक्कल करणाऱ्या रिमोटने एकदाच ऐकलेला असतो, म्हणून त्याच्या नकलेत तो बिट कायमचा गोठतो. परिणाम असा की काही संचांत म्यूट दाबले की आवाज बंद होतो, पण पुन्हा दाबले तर तो परत येत नाही. संचाला वाटते बोट अजून तेच आहे. मध्ये संचाच्या खऱ्या रिमोटचे दुसरे बटण दाबले की मग मार्ग मोकळा होतो.

हे वाचताना आम्हांला वर्गातली पाठांतरे आठवली. प्रश्न जसाच्या तसा आला की उत्तर अचूक, प्रश्न किंचित फिरवला की मूल गोंधळते. दोष नकलेत नाही. ज्यातले काय बदलते आणि काय कायम राहते हे कधी सांगितलेच नाही, अशा नकलेत आहे.

आमच्याही वह्या

येथवर कंपन्यांची पत्रके तपासली. आता आपल्या प्रयोगवह्या उघडायला हव्यात. ‘दक्षता’ या मथळ्याखाली आम्ही वर्षानुवर्षे काय लिहून देतो? वाचन घेताना डोळा तराजूच्या काट्याच्या समोर ठेवावा. प्रवाह गरजेपुरताच चालू ठेवावा. चुंबक लोखंडी वस्तूंपासून दूर ठेवावा. सूचना सगळ्या योग्य, आणि कारणे बहुधा कुठेच नाहीत. मुले ही वाक्ये परीक्षेत लिहितात आणि गुण मिळवतात. नववीतल्या त्या मुलाने विचारलेला प्रश्न आमच्या कोणत्याही प्रयोगवहीत बसला नसता, कारण तिथे ‘हे वाचतो कोण’ या प्रकारच्या प्रश्नाला रकानाच नाही. सूचनापत्रकाने त्याला आकडे दाबायला लावले. प्रश्न त्याला स्वतःला पडला. आम्ही मात्र पत्रकाच्या भाषेतच उत्तर देऊन मोकळे झालो.

यात नुकसान कोणाचे होते, तेही पाहावे. ज्यांना रिमोटचे थोडेफार कळते ते धडपडून मार्ग काढतात. घरातली वयस्कर माणसे, एकटी राहणारी आजी, खेड्यातला एकशिक्षकी शाळेचा शिक्षक हे मात्र कोड चुकला की दुरुस्तीवाल्याची वाट पाहतात, किंवा नुसता आवाज वाढवायला शेजारच्या मुलाला हाक मारतात. काम लहान असते; पण ‘हे आपल्याला कळण्यातले नाही’ ही समजूत त्यातून घट्ट होते, आणि ती समजूत मोडणे हेच विज्ञानशिक्षणाचे काम आहे.

कसे लिहिता आले असते

नुसते दोष दाखवून थांबणे बरे नाही. पत्रकाच्या तेवढ्याच जागेत मावेल असा एक मजकूर आम्ही मुलांबरोबर बसून तयार केला. तो असा :

‘या रिमोटमध्ये अनेक टीव्हींच्या संकेतांचे तक्ते आहेत. कोड म्हणजे तक्त्याचा क्रमांक. तो टीव्हीकडे जात नाही. एकाच नावाच्या टीव्हींचे तक्ते वेगळे असू शकतात, म्हणून एक कोड चुकला तर पुढचा टाका. टीव्ही बिघडलेला नाही. रिमोटचा दिवा लागला म्हणजे निरोप गेला, पोचला असे नाही. म्हणून टीव्हीकडे पाहा. पॉवर, आवाज आणि म्यूट ही तिन्ही चालली तरच कोड बरोबर समजा. जुळलेला कोड येथे लिहून ठेवा.’ आणि त्याखाली चार रिकामे चौकोन.

शेवटच्या वाक्यामागेही कारण आहे. काही रिमोटांत सेल काढून बराच वेळ गेला की निवडलेला कोड पुसला जातो, आणि मग सगळा शोध नव्याने करावा लागतो.

वाचक शिक्षकांना एक तासिका यासाठी सहज देता येईल. रिमोटचे टोक मोबाइलच्या कॅमेऱ्यासमोर धरून बटण दाबायला सांगा. अनेक कॅमेऱ्यांत एलईडी जांभळट-पांढरा चमकताना दिसतो. मागच्या कॅमेऱ्यात न दिसल्यास पुढच्या कॅमेऱ्यात पाहा, कारण काही कॅमेऱ्यांवर अवरक्त किरण अडवणारी गाळणी असते. सेल संपले की एलईडी बिघडला हे तपासायलाही ही युक्ती उपयोगी आहे. मग घरातून एखादे सूचनापत्रक आणायला सांगा, मिक्सरचे, प्रेशर कुकरचे, कशाचेही. त्यातल्या प्रत्येक सूचनेपुढे मुलांनी ‘का?’ लिहावे आणि उत्तर शोधावे. जिथे उत्तर आपल्यालाही सापडणार नाही, तिथे तसे मुलांना सांगावे. आम्ही सांगितले नव्हते.

आमच्या संचाच्या जाळीच्या कपाटाला आता आतून एक कागद चिकटवलेला आहे. वर लिहिलेला मजकूर आणि चार चौकोनांत चार आकडे, त्या मुलाच्याच अक्षरात. पुढच्या तासाला आम्ही वर्गासमोर आधीचे उत्तर चुकले होते असे सांगितले, तेव्हा तो म्हणाला, “सर, मला वाटलंच होतं. टीव्ही बंद असतानासुद्धा रिमोटनं कोड घेतला होता.” संच बंद ठेवून कोड टाकून पाहण्याचे आम्हांला सुचले नव्हते. पत्रकात पहिलीच सूचना ‘संच चालू करा’ अशी होती आणि आम्ही ती पाळली होती.